नुसा पेनिदा एका दिवसात, आईला घेऊन

बालीला निघालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते: नुसा पेनिदा हे बालीजवळचं बेट एका दिवसात करायचं असेल तर स्वतंत्र गाडी आणि गाइड ठरवा, आणि गाइडला सांगा, आम्हाला ठिकाणं कमी दाखव. जास्त पैसे मोजून कमी बघायचं, हे ऐकणाऱ्याला पटत नाही. मलाही पहिल्या खेपेला पटलं नसतं.

ती पहिली खेप ग्रुप टूरची होती. सहा तासांत पश्चिम किनाऱ्यावरची चार ठिकाणं. केलिंगकिंगचा तो डायनासोरच्या मानेसारखा कडा बघायला वीस मिनिटं मिळाली, त्यातली पंधरा फोटोच्या रांगेत गेली. मागच्या सीटवर एका मुलीला गाडी लागली, ती रडकुंडीला आली, तरी गाडी थांबली नाही, कारण परतीची बोट गाठायची होती. दुसऱ्या खेपेला माझ्याबरोबर आई होती. वय ७१, उजवा गुडघा दुखरा, आणि उत्साह माझ्याहून जास्त. तिला त्या गाडीत बसवायचं मनातसुद्धा आलं नाही. तेव्हा जे शिकले ते इथे लिहिते आहे.

आधी बेट समजून घ्या. बालीच्या आग्नेयेला, बाडुंग सामुद्रधुनीपलीकडे हे बेट आहे. क्षेत्रफळ साधारण २०० चौरस किलोमीटर. शेजारची लेंबोंगान आणि चेनिंगान ही बेटं याच्यापुढे फारच लहान. नकाशात पेनिदाही लहानच दिसतं आणि तिथेच माणूस फसतो. सगळा चुनखडीचा डोंगर आहे. रस्ते अरुंद, चढ-उतार खडे, आणि समोरासमोर दोन गाड्या आल्या की एकीने मागे जायचं. पंधरा किलोमीटरला पाऊण तास सहज लागतो. म्हणून पूर्व आणि पश्चिम दोन्ही एका दिवसात दाखवतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. दिवसातला निम्मा वेळ गाडीत जातो.

पश्चिमेला केलिंगकिंग, ब्रोकन बीच, एंजल्स बिलाबाँग, क्रिस्टल बे. फोटोंत दिसतं ते बहुतेक हेच, आणि गर्दीही इथेच. पूर्वेला अतुह, डायमंड बीच, थाउजंड आयलंड्सचा व्ह्यूपॉइंट आणि गिरी पुत्री गुहा. पहिल्यांदा जाणारे तरुण असतील तर पश्चिम निवडतील आणि त्यात चूक नाही. घरातलं मोठं माणूस बरोबर असेल तर मी पूर्वच म्हणेन. आम्ही तेच केलं.

आता ठरवताना काय विचारायचं. ‘प्रायव्हेट टूर’ या शब्दात बोट जवळजवळ कधीच प्रायव्हेट नसते. बालीतल्या सानूर बंदरातून सुटणारी फास्ट बोट सगळ्यांची असते. तुमची असते ती बेटावरची गाडी. आणि ‘गाइड’ म्हणजे पुष्कळदा नुसता ड्रायव्हर, जो पार्किंगमध्ये गाडीत थांबतो. आमच्या दृष्टीने सगळा फरक इथेच होता. मी व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ विचारलं: तुम्ही आमच्याबरोबर पायी येणार का? आईबरोबर एका जागी थांबाल का, मी थोडी पुढे गेले तर? बेटावर राहणारे आहात का? जाण्यायेण्याची बोट, हॉटेलवरून नेणं-आणणं, पार्किंग, प्रवेश, पर्यटकांकडून घेतात ती बेटाची वर्गणी, जेवण, यातलं काय काय भाड्यात धरलंय? समुद्र खवळला आणि बोटी बंद झाल्या तर पैसे परत की तारीख बदलून? एकाने सगळ्याला नुसतं ‘नो प्रॉब्लेम’ असं उत्तर दिलं, त्याला मी सोडलं. दुसऱ्याने लिहिलं, “आईंना पायऱ्या किती चालतील ते आधी सांगा.” त्याला ठरवलं.

बोट कोणत्या बंदराला लागते तेही विचारा. पूर्वेला जायचं असेल तर सांपालान सोयीचं. बांजार न्यूह बेटाच्या वायव्य टोकाकडे पडतं, तिथे उतरलात तर पूर्वेकडे पोहोचेपर्यंत सकाळ संपते.

तारीख. कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. पण जून ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून मोठ्या लाटा येतात, आकाश निरभ्र असलं तरी. अशा वेळी बंदर अधिकारी बोटी थांबवतात. म्हणून ही सहल मुक्कामाच्या सुरुवातीच्या दिवसांत ठेवा, विमानाच्या आदल्या दिवशी कधीच नको. आणखी दोन दिवस लक्षात ठेवायचे. मार्चच्या सुमारास न्येपी असतो, बालीचा मौनाचा दिवस. त्या दिवशी विमानतळसुद्धा बंद. आणि साधारण ऑक्टोबरच्या आसपास, बालीच्या पंचांगातल्या चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, पेनिदाचे लोक न्येपी सगारा पाळतात, म्हणजे समुद्राला विश्रांती. त्या दिवशी बोटी नाहीत, मासेमारी नाही, पोहणं नाही. मला ही प्रथा फार आवडली. नारळी पौर्णिमा पाहत वाढलेल्या माणसाला ती लगेच समजते.

परदेशी पाहुण्यांना बालीत दीड लाख रुपियाचा (रुपिया हे इंडोनेशियाचं चलन) पर्यटन कर आहे, १४ फेब्रुवारी २०२४ पासून. तो ऑनलाइन भरून पावती फोनमध्ये ठेवा. रोख रुपिया सानूरलाच काढून घ्या आणि लहान नोटा मागून घ्या. व्ह्यूपॉइंटजवळच्या टॉयलेटला, नारळाला, दानपेटीत त्याच लागतात. बेटावर एटीएम आहेत, पण बंदराच्या बाजूला.

आता प्रत्यक्ष दिवस. सकाळची पहिली बोट घ्या, सातच्या आसपासची. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, त्यामुळे भारतातून आल्यावर पहिले दोन दिवस पहाटे उठणं जिवावर येतं. सहल तिसऱ्या दिवशी ठेवा. सानूरला २०२२ मध्ये नवं बंदर झालं, त्याआधी गुडघाभर पाण्यातून बोटीत चढावं लागे. आता धक्क्यावरून चढता येतं, तरी बोट हलत असते. आईला चढवताना मी पुढे आणि खलाशी मागे, असं केलं. बोट लागणाऱ्यांनी मागच्या बाजूला, मधल्या रांगेत बसावं; पुढचं टोक आपटतं. गोळी घ्यायची तर निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी आणि डॉक्टरांना विचारून. रिकाम्या पोटी बसू नका, आईने दोन बिस्किटं आणि आल्याची वडी खाल्ली आणि तिला काही झालं नाही. पाऊण तासाच्या आत आपण पलीकडे.

धक्क्यावर आमचा गाइड उभा होता. त्याला काय म्हणू असं विचारलं तर म्हणाला, “ब्ली म्हणा.” ब्ली म्हणजे बालीच्या भाषेत दादा. आईला तो पहिल्या मिनिटापासून ‘इबू’ म्हणू लागला, म्हणजे आई. आई त्याला ‘अरे बाळा’ म्हणायची आणि त्याचं काही अडलं नाही. तुम्हीही नावाने हाक मारण्यापेक्षा ब्ली म्हणा, वयस्कर असेल तर पाक. ‘पलान पलान’ हे दोन शब्द पाठ करून ठेवा: हळू हळू. रस्त्यावर आम्ही ते बरेच वेळा वापरले आणि त्याने प्रत्येक वेळी खरंच वेग कमी केला. गाडीत मोठ्या माणसाला पुढे बसवा.

पहिलं ठिकाण गिरी पुत्री गुहा ठेवायला सांगा, ऊन चढायच्या आणि बाकीच्या गाड्या यायच्या आत. हे देऊळ आहे, तेव्हा कमरेला सरोंग, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, आणि वर कापडी पट्टा बांधावा लागतो, तिथे मिळतो. पाळी चालू असेल तर बालीच्या देवळांत जात नाहीत; त्या दिवशी गुहा वगळा किंवा बाहेर थांबा. रस्त्यापासून शंभरावर पायऱ्या आहेत. आईने त्या चार वेळा बसून चढल्या. ग्रुपबरोबर हे जमलंच नसतं, ब्ली मात्र प्रत्येक वेळी तिच्या खालच्या पायरीवर बसून बेटाच्या गोष्टी सांगत होता. त्याची आई समुद्रात दोऱ्या बांधून शेवाळाची शेती करायची. उत्तर किनाऱ्याच्या रस्त्याने ते शेवाळ वाळत घातलेलं दिसतं आणि वासही येतो.

वर पोहोचल्यावर मला धसका बसला. गुहेचं तोंड म्हणजे खडकातलं एक भोक. वाकून नाही, जवळजवळ उकिडवं बसून आत शिरायचं. पुजाऱ्याने तीर्थ शिंपडलं. ब्ली आधी आत गेला, मग आतून हात बाहेर काढून त्याने तळवा खडकाच्या धारदार कडेवर, बरोबर आईच्या डोक्यावर, उलटा धरला, म्हणजे डोकं लागलंच तर हाताला लागावं. आई सरकत सरकत गेली. मी मागून. आणि तीन पावलांनंतर आपण ताठ उभे राहतो ते थेट एका प्रचंड दालनात, छत दिसत नाही इतकं उंच. ओल्या दगडाचा गारवा, उदबत्तीचा वास, कुठेतरी पाणी ठिबकतंय.

आईने नाव दोनदा पुटपुटलं. गिरी पुत्री. “अगं, ही तर आपली पार्वती!” ब्लीने मान डोलावली. तो स्वतः पूजेला बसला, आम्हालाही बसवलं, हात कधी जोडायचे, फूल कोणत्या बोटांत धरायचं ते दाखवलं. शेवटी पुजाऱ्याने ओले तांदूळ कपाळावर लावले. अक्षता. आईने त्या दिवसभर पुसल्या नाहीत, बोटीतून परत येईपर्यंत दोन दाणे तसेच होते. इथे आम्ही सव्वा तास होतो. एखाद्या ठिकाणी मन रमलं तर दुसरं रद्द करायला मोकळं असणं, यासाठीच गाइड स्वतंत्र हवा. आम्ही थाउजंड आयलंड्स तिथल्या तिथे रद्द केलं.

मग अतुह आणि डायमंड. दोन्ही शेजारी-शेजारी, मधला कडा दोन्हीकडे उघडतो. डायमंडच्या पायऱ्या चुनखडीत कोरलेल्या, पांढऱ्याशुभ्र, आणि खाली खाली जात नुसत्या दोरीच्या आधाराच्या होतात. गुडघे दुखणाऱ्यांनी वरूनच बघावं, वरून काही कमी दिसत नाही. मी एकटी निम्म्यापर्यंत उतरले. आई वर टपरीच्या सावलीत शहाळं घेऊन बसली आणि ठरल्याप्रमाणे ब्ली तिच्याजवळ थांबला. हे आधी ठरवलं नसतं तर मी उतरलेच नसते. कड्यावर सावली नाही, टोपी आणि माणशी दीड लिटर पाणी हवंच. खाली पोहू नका, लाटा परत येताना पाय ओढतात.

पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण या मला मनापासून सांगायच्या आहेत. केलिंगकिंगला खालच्या पुळणीपर्यंत उतरू नका. उतरायला पाऊण तास, चढायला त्याहून जास्त, बांबूचे कठडे, आणि खालच्या समुद्रात माणसं बुडालेली आहेत. वरून बघायचं तर बोटीतून उतरून थेट तिथेच चला, नऊच्या आत. आणि एंजल्स बिलाबाँगच्या कुंडात पाय घालू नका. पहिल्या खेपेला मी काठावर उभी होते. दहा मिनिटं पाणी आरशासारखं स्थिर, तळाचा दगडन् दगड दिसत होता. मग बाहेरच्या कड्यावरून एकच लाट आली आणि सबंध कुंड पांढरं झालं. त्याच्या काठचा खडक त्याआधी पूर्ण वाळलेला होता. इथे लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. गाइड नको म्हणाला की वाद घालायचा नाही.

मांटा रे हे मोठे, पंखांसारख्या परांचे मासे बघायला स्नॉर्कलिंग जोडून देऊ का, असं विचारतील. ती वेगळी बोट, दक्षिणेचा खवळलेला किनारा आणि दिवसाचे दोन-तीन तास. जोडू नका, हवं तर दुसऱ्या दिवशी करा.

जेवणाचं शाकाहारींनी नीट बघावं. सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, बहुधा तेरासी असते, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट, आणि ती दिसत नाही. वर ठेवलेले पापडही कोळंबीचे असू शकतात. ‘तानपा तेरासी, तानपा दागिंग’ म्हणा: तेरासी नको, मांस नको. ब्लीने स्वयंपाकघरात जाऊन स्वतः सांगितलं, आणि आम्हाला भाताबरोबर तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि शेंगदाण्याच्या रसातल्या उकडलेल्या भाज्या मिळाल्या. आईने त्या रसाला दाण्याची आमटी म्हटलं आणि दोनदा घेतला.

परतीच्या बोटी दुपारनंतर थोड्या-थोड्या अंतराने असतात, शेवटची पाचच्या आसपास. शेवटची ठरवू नका, तिच्या आधीची ठरवा; रस्त्यात एक ट्रक अडकला तरी मग जीव खालीवर होत नाही. दुपारी समुद्र सकाळपेक्षा जास्त हलतो, तेव्हा गोळीचा हिशेब परतीसाठीही करा. गाइडला बक्षिशी द्यायची ती गाडीतच द्या, धक्क्यावर गर्दीत निवांत बोलता येत नाही. आईने पैशांबरोबर उरलेल्या आल्याच्या वड्याही दिल्या. ब्लीने एक तिथेच तोंडात टाकली, बाकीच्या रुमालात बांधल्या आणि बोट सुटेपर्यंत धक्क्यावर उभा राहिला.