गोठ्याला झेपेल तेवढीच सेंद्रिय शेती : बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी

कणकुंबीच्या डोंगरात धो-धो कोसळणारा पाऊस अथणीकडे जाईपर्यंत विरळ होतो आणि खानापूरची तांबडी माती पूर्वेकडे काळ्या शिवाराला जागा देते. त्यामुळे सेंद्रिय शेतीचा एकच नमुना या भागात सगळीकडे चालत नाही. एक हिशेब मात्र सर्वांना सारखाच लागू आहे: जेवढ्याला गोठ्यातील शेण आणि घरातील माणसे पुरतील, तेवढेच शेत सेंद्रिय करावे.

म्हणून आधी शेण मोजावे. एका जनावराचे दिवसाला दहा किलो शेण धरले, तर वर्षाला सुमारे ३.६५ टन ओले शेण मिळते आणि कुजल्यावर त्याचे वजन निम्म्याहूनही कमी भरते. दोन जनावरे असलेल्या घराने पहिल्या वर्षी अर्धा ते एक एकरच हाती घ्यावा. तुकडा निवडताना शेजारच्या रानातील रासायनिक खताचे पाणी आत उतरणार नाही असा वरच्या अंगाचा निवडावा, किंवा बांध उंच करून बाहेरून चर काढावा. बांधावर गिरीपुष्पाच्या फांद्या लावल्यास दरवर्षी हिरवा पाला मिळत राहतो. उन्हाळ्यात मातीचा नमुना तपासून घ्यावा. त्याची माहिती होबळीच्या (तालुक्यातील महसुली मंडळाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयात, मिळते.

लावणीच्या भातासाठी वळवाच्या पावसावर ताग किंवा धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक एकरी २० ते २५ किलो पेरावा आणि ४० ते ४५ दिवसांनी, खोड जून होण्याआधी, चिखलणीत गाडावा. जेथे मृगाच्या आसपास कुरीने (पाभरीने) भात पेरले जाते, तेथे एवढा अवधी मिळत नाही. तेथे पेरणीपूर्वी कुजलेले शेणखत मिसळण्यावरच भर द्यावा. बियाणे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवावे, तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत आणि उरलेले बी स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत सुकवावे.

जीवामृताबद्दल फार बोलले जाते. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी २ किलो गूळ व बेसन आणि बांधावरची मूठभर माती कालवून, सावलीत दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळावे आणि आठवड्याच्या आत एका एकराला ओलीवर द्यावे. मात्र जीवामृत हे विरजण आहे, दूध नव्हे. जमिनीत शेणखत आणि पालापाचोळा नसेल, तर नुसत्या जीवामृतावर पीक उभे राहील अशी अपेक्षा ठेवणे माझ्या मते चुकीचे आहे.

भात निघताच जमिनीतील ओल उडण्याआधी मसूर, वाटाणा किंवा हरभरा पेरावा. दर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (मुळांच्या गाठींत हवेतील नत्र बांधणारे जिवाणू खत) चोळावे आणि काढणीच्या वेळी झाडे उपटण्याऐवजी कापावीत, म्हणजे मुळे जमिनीतच राहतात. चिकोडी-निपाणीकडील ऊसवाल्यांनी पाला पेटवू नये. तो सरींत पसरून कुजवावा. किडींसाठी ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवाव्यात, अर्क गाळून त्याचे १०० लिटर द्रावण करावे आणि संध्याकाळी फवारावे. ही फवारणी कीड दिसू लागताच करावी, कारण वाढलेल्या किडीवर तिचा फारसा उपयोग होत नाही.

माल 'सेंद्रिय' म्हणून विकायचा असेल, तर वही पहिल्या दिवसापासूनच ठेवावी. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी साधारणपणे दोन वर्षांचा परिवर्तन काळ (रसायने बंद करून सेंद्रियकडे वळण्याचा काळ) असतो. लहान शेतकऱ्यांना प्रमाणपत्राची सहभाग हमी पद्धत अधिक परवडते. त्यासाठी शेजारचे किमान पाच शेतकरी एकत्र येऊन एकमेकांची शेते तपासतात. पहाणी उतारा (कर्नाटकातील सातबारा), जमिनीचा सर्व्हे क्रमांक, बियाणे कोठून आणले आणि कोणत्या तारखेला काय घातले, एवढे तरी वहीत असावे. बेळगाव बासमतीसारखे वाण वेगळे मळून वेगळ्या पोत्यांत ठेवावेत, कारण एकदा मिसळ झालेला माल नंतर वेगळा करता येत नाही.