महाविलोपनांवर मराठी माहितीपट मालिका करायची तर

पृथ्वीवरच्या पाच मोठ्या महाविलोपनांवर, म्हणजे असंख्य जाती एकदम नष्ट झाल्या त्या घटनांवर, मालिका करायची म्हटलं की बहुतेक संहिता प्राण्यापासून सुरू होतात. डायनासोर चालत येतो, आकाश लाल होतं, सगळं संपतं. चित्र उठावदार होतं, पण "हे कळलं कसं?" हा पाहणाऱ्याचा प्रश्न तसाच राहतो. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी खडक, मग त्या खडकात काय सापडलं, मग त्यावरून काय अनुमान निघतं आणि सगळ्यात शेवटी ॲनिमेशन. हा क्रम पाळला की खर्चही कमी होतो, कारण 26 मिनिटांच्या भागाला दीड-दोन मिनिटांचं ॲनिमेशन पुरतं.

प्रत्येक भागासाठी एकच मुख्य खडक निवडा आणि त्याच्याभोवती भाग बांधा. ऑर्डोव्हिशियन या भूवैज्ञानिक कालखंडाच्या अखेरीसाठी (सुमारे 44.5 कोटी वर्षांपूर्वी) सहारातले हिमनदीच्या खुणा असलेले खडक घ्या. आज वाळवंट असलेल्या जागी तेव्हा बर्फ होता आणि समुद्र खाली गेला होता, हे एका दृश्यात कळतं. त्यानंतरच्या डेव्होनियनसाठी काळे शेल (चिखलाचे पापुद्री खडक) आणि कोसळलेल्या प्रवाळभित्ती. हे विलोपन एका फटक्यात झालं नाही. त्याचे दोन मोठे टप्पे सुमारे 37.2 आणि 35.9 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, त्यामुळे "त्या दिवशी" असली भाषा या भागात चालत नाही. पर्मियनच्या अखेरीसाठी (25.2 कोटी) चीनच्या झेजियांग प्रांतातला मेशानचा चुनखडक. तिथे विलोपनाचा मुख्य टप्पा सुमारे 60 हजार वर्षांत उरकल्याचं झिरकॉन या, वय मोजता येणाऱ्या खनिजाच्या स्फटिकांवरून काढलेलं आहे. भारतात राहून करायचं तर काश्मीरमधली गुरयूल दरी आणि स्पिती इथेही याच सीमेचे थर आहेत. ट्रायसिकच्या अखेरीसाठी (20.1 कोटी) अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरचे, मोरोक्कोपासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेले लाव्हाथर. आणि क्रेटेशियससाठी, म्हणजे 6.6 कोटी वर्षांपूर्वीसाठी, आपला सह्याद्री. त्याबद्दल पुढे सविस्तर.

संहितेच्या आधी पुराव्यांचा तक्ता करा. साध्या स्प्रेडशीटमध्ये सहा रकाने पुरतात: विधान, आकडा, आकड्यातली कमीजास्त मर्यादा, पुरावा कोणत्या खडकातला, त्यावर वाद आहे का, आणि पडद्यावर तेव्हा काय दिसणार. सहावा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य निवेदनातून काढा किंवा त्यासाठी चित्र शोधा. पाचव्यात "आहे" लिहिलं असेल तर निवेदनात दोन्ही बाजू आल्या पाहिजेत.

आकड्यांत चुका होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली एककाची. इंग्रजी संदर्भात 66 मिलियन असतं, घाईत ते 66 लाख होतं, कधी 66 कोटी. संपूर्ण मालिकेत फक्त "कोटी वर्षं" वापरा: 66 मिलियन म्हणजे 6.6 कोटी, 252 मिलियन म्हणजे 25.2 कोटी. "दशलक्ष" छापील लेखात चालतं, कानाला ते पोचत नाही. दुसरी चूक टक्केवारीची. जाती, त्यांच्या वरची प्रजाती आणि त्याहून वरचं कुळ या तिन्ही पातळ्यांवर नुकसानीचे आकडे वेगवेगळे असतात आणि पातळी वर जाईल तसा टक्का घटतो. पर्मियनच्या अखेरीस समुद्रातल्या 96 टक्के जाती गेल्या हा डेव्हिड रॉप यांचा 1979 सालचा वरच्या टोकाचा अंदाज. अलीकडचे अंदाज 81 टक्क्यांच्या आसपासही येतात. "सगळ्या सजीवांपैकी 96 टक्के" हे वाक्य तर दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे, कारण आकडा समुद्रातल्या जातींचा आहे.

काळरेषा सगळ्या भागांत एकच ठेवा. एचडी पडद्याची रुंदी 1920 पिक्सेल असते. उजवी कड म्हणजे आज, आणि 1 कोटी वर्षं म्हणजे 40 पिक्सेल असं धरलं तर पूर्ण रुंदीत 48 कोटी वर्षं बसतात, म्हणजे पाचही विलोपनं. उजव्या कडेपासून मोजून खुणा अशा येतात: क्रेटेशियस 264 पिक्सेलवर, ट्रायसिक 804 वर, पर्मियन 1008 वर, डेव्होनियनच्या दोन खुणा 1436 आणि 1488 वर, ऑर्डोव्हिशियन 1780 वर. माणूस, म्हणजे आपली जात, सुमारे 3 लाख वर्षांची. तिच्या वाट्याला जेमतेम एक पिक्सेल येतो. ही पट्टी ताणून सुंदर करायचा मोह ग्राफिक्स करणाऱ्याला होतोच. तो होऊ देऊ नका, प्रमाण बिघडलं की पट्टीचा उपयोग संपला.

आता सह्याद्रीचा, म्हणजे दख्खनच्या लाव्हाचा भाग. मराठी चमूला हा भाग जगातल्या कुणाहीपेक्षा चांगला करता येईल, आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

आधी स्फोटाचं चित्र. शंकूसारखा डोंगर फुटतोय, वर धुराचा खांब, हे दृश्य दख्खनसाठी चुकीचं आहे. इथला लाव्हा लांबलचक भेगांतून बाहेर आला, पातळ होता, आणि थरावर थर पसरत गेला. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर तो खडक शिल्लक आहे. जीवसृष्टीवर मोठा घाव लाव्हाने घातला असं दाखवू नका. वायूंचं काम दाखवा: सल्फर डायऑक्साइडमुळे काही वर्षांची थंडी आणि आम्लवर्षा, कार्बन डायऑक्साइडमुळे हजारो वर्षांची उष्णता.

नकाशाही तेव्हाचा हवा. भारत त्या काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरातलं वेगळं भूखंड होतं आणि हिमालय नव्हता. आजच्या भारताच्या नकाशावर लाल रंग ओतलेली दृश्यं सरसकट दिसतात, ती टाळा.

चित्रणासाठी पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढा. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर या शैलसमूहांचे थर खालून वर याच क्रमाने लागतात, म्हणजे गाडी चढते तसा काळ पुढे सरकतो. निवेदकाला गाडीत बसवून हा प्रवास तीन-चार ठिकाणी थांबवत दाखवला की वेगळं ग्राफिक लागत नाही. दोन लाव्हाथरांमध्ये विटकरी रंगाचा पातळ पट्टा दिसतो, भूवैज्ञानिक त्याला बोल म्हणतात. एक थर थंड झाला, हवापाण्याने झिजला, त्याची माती झाली आणि मग पुढचा लाव्हा आला, असा तो मधला काळ आहे. याच पट्ट्यांत सापडलेल्या झिरकॉनवरून काही थरांची वयं काढली गेली. त्यामुळे हा पट्टा तुमच्या भागाचा नायक आहे. त्याची प्रत्येक ठिकाणी पाच दृश्यं घ्या: दुरून पूर्ण कडा, मधल्या अंतरावरून दोन थर, पट्टा आणि वरच्या थराची सांधरेषा, पट्ट्यावर 10 सेंटीमीटरची मोजपट्टी, आणि हातात घेतलेला चुरा. मोजपट्टीचं दृश्य विसरलं तर पट्टा वीतभर आहे की पुरुषभर हे संकलनात कुणालाच सांगता येत नाही. रंगसंस्कार करताना लाल वाढवू नका. त्या पट्ट्याचा खरा रंगच पुरावा आहे.

वेळ निवडताना पावसाळा आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने वगळा. धुकं, धबधबे सुंदर असतात, पण गवताखाली थर दिसत नाहीत. फेब्रुवारी-मार्च बरा. एप्रिल-मेमध्ये खडक आणखी उघडा पडतो, पण हवेतल्या धुरकटपणाने लांबची दृश्यं फिकी येतात. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यांवर प्रकाश दुपारनंतर येतो, तिरप्या उन्हात थरांच्या पायऱ्या उठून दिसतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याला सकाळी पोचलात तर कडा सावलीत असतो. तो परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, म्हणून वनविभागाची परवानगी आधीच काढा. ड्रोनसाठी सरकारच्या डिजिटल स्काय या हवाई नकाशावर जागा हिरव्या विभागात आहे का ते पाहा. हिरवा विभाग असला तरी अभयारण्याची परवानगी वेगळी लागते.

तीन जागांबद्दल खास सावधगिरी. लोणारचं विवर उल्कापातानेच झालं, पण ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीचं नाही. त्याच्या वयाचे अंदाज सुमारे 50 हजार ते 5.7 लाख वर्षं असे आहेत आणि ते दख्खनच्याच खडकात पडलेलं आहे. आघाताची खूण कशी दिसते हे समजावायला लोणार उत्तम: त्याचा व्यास 1.8 किलोमीटर, 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या आघाताने झालेल्या मेक्सिकोतल्या चिक्शुलुब विवराचा सुमारे 180, म्हणजे शंभरपट. पण ही तुलना करताना "ही घटना फार नंतरची" हे त्याच दृश्यात म्हणा, पुढच्या दृश्यात नको. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब पडद्यावर देखणे दिसतात, पण मुंबईचे हे खडक विलोपनानंतरचे, काही दशलक्ष वर्षांनी तरुण आहेत. आणि चिक्शुलुब जमिनीवरून दिसत नाही, ते चुनखडकाखाली गाडलेलं आहे. ड्रोनने विवर दाखवल्यासारखा आव आणू नका. तिथल्या 2016 सालच्या खोल खोदकामातून काढलेले खडकाचे नळकांडे दाखवा.

मग विलोपन कशाने झालं, अशनीने की दख्खनने? अशनीच्या बाजूचा पुरावा लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी 1980 साली मांडला: इटलीतल्या गुब्बिओच्या बोटभर मातीच्या थरात इरिडियमचं, म्हणजे पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ पण अशनींत भरपूर असणाऱ्या धातूचं, प्रमाण एकदम वाढतं. मेघालयातल्या उम सोहरिंगक्यू नदीकाठीही ही वाढ सापडली आहे, भारतातलं दृश्य हवं असेल तर ते घ्या. दख्खनच्या वेळापत्रकावर मात्र 2019 साली एकाच वेळी प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत मतभेद आहे. खडकाचं वय काढायच्या युरेनियम-शिसे पद्धतीने मोठा टप्पा आघाताच्या थोडा आधी सुरू झाला असं दिसतं, आर्गॉन पद्धतीने बराचसा लाव्हा आघातानंतर आला असं. त्यामुळे कड्यावरच्या एखाद्या रेषेवर बोट ठेवून "डायनासोर इथे संपले" असं निवेदकाला म्हणायला लावू नका. तज्ज्ञाला मुलाखतीत "कोण बरोबर?" असं विचारण्याऐवजी "कोणता पुरावा मिळाला तर तुमचं मत बदलेल?" असं विचारा. उत्तर ठोस येतं आणि कापावं लागत नाही.

प्राणी आणि झाडं निवडताना ठिकाण आणि काळ दोन्ही तपासा. भारताच्या दृश्यात टी. रेक्स नको. इथे राजासॉरस होता, गुजरातेतल्या रैयोलीचा, आणि लांब मानेचा आयसीसॉरस, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. त्याच जिल्ह्यातल्या पिसदुरा इथल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले, म्हणून क्रेटेशियसच्या अखेरीच्या भारतात थोडं गवत दाखवता येतं. पर्मियनमध्ये मात्र गवत नाही, फूल नाही. तिथे ग्लॉसोप्टेरिसची झाडं हवीत, ज्यांचे अवशेष वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या पट्ट्यात आहेत. ऑर्डोव्हिशियनचा समुद्रकिनारा कोकणात घेतला तर पाठीमागे माड दिसतो. त्या काळी जमिनीवर झाडच नव्हतं. उघडा कातळ आणि लाटा एवढंच चौकटीत ठेवा.

आवाजाकडे कुणाचं लक्ष जात नाही. स्टुडिओत "जंगल" म्हणून तयार मिळणाऱ्या ध्वनिफितीत बुलबुल, कोतवाल, बेडूक सगळे असतात. पर्मियनच्या दृश्याखाली ती फीत लावली की सगळं चित्र खोटं पडतं, कारण पक्षी अजून व्हायचे होते. वारा, पाणी, दगड एवढ्यावर काम भागवा. प्रत्येक चित्रणस्थळी कुणीही न बोलता 30 सेकंद नुसती हवा ध्वनिमुद्रित करून ठेवा, निवेदनाच्या मधल्या जागा तिनेच भराव्या लागतात.

निवेदनाचा वेग मिनिटाला 110 ते 120 शब्द ठेवा. मराठी शब्द प्रत्ययांनी लांब होतात, त्याहून वेगाने वाचलं की आकडे हरवतात. 26 मिनिटांच्या भागात निम्मा वेळ निवेदन धरलं तर संहिता साधारण 1,400 ते 1,500 शब्दांत संपली पाहिजे. एका वाक्यात एकच आकडा. दोन आले तर दुसरा पडद्यावर टाका.

शेवटची तपासणी मूक करा: आवाज बंद करून भाग पाहा आणि पुराव्यांचा तक्ता हातात घ्या, मग डोळे मिटून फक्त ऐका. चित्राच्या चुका पहिल्या फेरीत आणि शब्दांच्या दुसऱ्या फेरीत सापडतात. निवेदनात वयं गोळाबेरीज करून बोला, "सव्वीस कोटींच्या अलीकडे" असं नव्हे तर "सुमारे 25 कोटी". नेमका आकडा, 25.19, ग्राफिकच्या वेगळ्या थरात ठेवा. आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोग आपला कालतक्ता सुधारत असतो. पुढच्या प्रसारणाआधी तक्ता बदलला तर तो एक थर बदलून भाग पुन्हा काढता येतो, निवेदकाला पुन्हा बोलवावं लागत नाही.