पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा छापील बोर्ड) डिझाइनचं सॉफ्टवेअर बदलताय? आधीची तयारी

नवं व्हर्जन टाकण्याआधी जुन्यातून सगळं काढून घ्या. कुपवाड-मिरजेकडे पंपाच्या स्टार्टरचे, सिंगल फेज प्रिव्हेंटरचे (एक फेज गेली की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाचे) बोर्ड वर्षानुवर्षं तेच चालतात आणि रिपीट ऑर्डर कधीही येते. म्हणून प्रत्येक चालू बोर्डाची स्कीमॅटिक (सर्किटची आकृती), लेआउट, लायब्ररी, गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या थरांच्या फाइली), ड्रिल फाइल, बीओएम (सुट्या भागांची यादी) आणि स्कीमॅटिकची पीडीएफ एका फोल्डरात घालून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा. गर्बर शेवटच्या लॉटला फॅब्रिकेटरकडे (बोर्ड बनवणाऱ्याकडे) गेलेलेच हवेत, आज नव्याने काढलेले नकोत. पुढची तुलना त्यांच्याशीच आहे.

फाइल नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह झाली की मागे येत नाही. उदाहरणार्थ कायकॅड या मोफत पीसीबी सॉफ्टवेअरच्या ९ मध्ये सेव्ह केलेला बोर्ड ८ मध्ये उघडत नाही. दोन्ही व्हर्जन एकाच पीसीवर राहू शकतात, सेटिंगही वेगवेगळी असतात, त्यामुळे जुनं काढून टाकायची घाई नको. मात्र ऑफिसात तिघं डिझाइन करत असतील तर तिघांनी एकाच दिवशी बदलावं.

खरी अडचण लायसन्सची. केडन्स कंपनीच्या ऑरकॅडसारखं, फ्लेक्सनेट या लायसन्स तपासणाऱ्या प्रोग्रामवर चालणारं लायसन्स पीसीच्या होस्ट आयडीला, म्हणजे बहुतेक वेळा नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला बांधलेलं असतं. एका लॅपटॉपला असे चार-पाच पत्ते निघतात: वायफाय, लॅनची जागा, यूएसबी अडॅप्टर, व्हीपीएनचं आभासी कार्ड. विक्रेत्याला मदरबोर्डवरच्या लॅनचाच द्या. यूएसबी अडॅप्टरचा दिला आणि तो कुणी दुसऱ्या टेबलावर नेला, की लायसन्सही गेलंच म्हणून समजा. पीसी फॉरमॅट करायचा असेल तर आधी लायसन्स परत करून नव्या मशीनवर घेण्याची सोय करा. फॉरमॅटनंतर विक्रेत्याला गळ घालत बसावं लागतं.

ऑफिसातल्या सगळ्यांना लायसन्स वाटणारा सर्व्हर म्हणून जुना डेस्कटॉप वापरत असाल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल आधी बदला. सेल संपलेला असला की वीज जाऊन आल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि फ्लेक्सनेटला तारखेत फेरफार झाल्याचा संशय आला की ते लायसन्स नाकारतं. दोष सॉफ्टवेअरला लागतो, चूक पन्नासेक रुपयांच्या सेलची असते. फायरवॉलमध्ये दोन पोर्ट उघडावे लागतात: एक मुख्य, केडन्ससाठी सहसा ५२८०, आणि दुसरा व्हेंडर डीमनचा, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या त्या कंपनीच्या लायसन्स प्रोग्रामचा. हा दुसरा दर वेळी बदलू शकतो, म्हणून लायसन्स फाइलमध्ये तो ठरवून टाका.

ऑटोडेस्कच्या ईगल या पीसीबी सॉफ्टवेअरवर असणाऱ्यांना फार वेळ नाही. ऑटोडेस्कने विक्री आणि सपोर्ट थांबवण्यासाठी ७ जून २०२६ ही तारीख जाहीर केली आहे. कायकॅड ईगलच्या ६ आणि पुढच्या फाइली आयात करतं, ५ च्या नाही. त्या आधी ६ किंवा पुढच्या ईगलमध्ये उघडून सेव्ह करा. आयात झाल्यावर स्लॉट (बोर्डात कापलेल्या लांबट फटी) आधी बघा. ईगलमध्ये रिलेखालचा स्लॉट बरेच जण ४६ नंबरच्या मिलिंग लेयरवर काढतात. तो बोर्डाच्या कडेच्या लेयरवर आला नाही, तर फॅब्रिकेटर तो कापतच नाही, आणि २३० व्होल्टची बाजू व कंट्रोलची बाजू यांच्यातलं क्रीपेज, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर, कमी पडतं. उन्हाळ्यात चालून जातं. पावसाळ्यात दमट पॅनेलमध्ये तिथूनच ट्रॅकिंग, म्हणजे पृष्ठभागावरून करंट गळून बोर्ड जळणं, सुरू होतं.

मग नवे गर्बर काढून जुन्यांवर ठेवून बघा. ग्राउंडचा कॉपर पोर (मोकळ्या जागेत भरलेलं तांबं) नव्याने भरला की थोडाफार फरक पडतोच. तो कुठे पडला हे पाहायचं. सोल्डर मास्कचं (बोर्डावरच्या संरक्षक थराचं) पॅडपासूनचं अंतर आणि ड्रिल फाइलचं एकक (मिमी की इंच) नक्की तपासा. पहिला लॉट पाच-दहा बोर्डांचाच मागवा.

इंटर्नच्या लॅपटॉपवरचं शैक्षणिक लायसन्स विक्रीच्या बोर्डासाठी वापरू नका, अटींत ते चालत नाही. कायकॅड जीपीएल या मुक्त लायसन्सवर असल्याने तिथे हा प्रश्नच नाही. पैसे भरून घेत असाल तर बिलावर तुमचा २७ ने सुरू होणारा जीएसटी नंबर बरोबर आहे का बघा, नाहीतर १८ टक्क्यांचं क्रेडिट अडकतं. कायमस्वरूपी लायसन्स घेतलं असेल तर मेंटेनन्स (अपडेट मिळण्याचा करार) कधी संपतो हे कॅलेंडरवर लिहा. त्यानंतर आलेलं व्हर्जन सहसा त्यावर चालत नाही.