पुढची तारीख: स्वतंत्र संगीतकाराची संपर्कवही

लेबल (गाणी प्रकाशित करणारी कंपनी), व्यवस्थापक किंवा बुकिंग एजंट पाठीशी नसलेल्या संगीतकाराचा बराच वेळ पत्रव्यवहारात जातो, आणि त्यातलाही मोठा भाग कोणाला काय पाठवले होते हे आठवण्यात खर्च होतो. आयोजकाचा क्रमांक फोनमध्ये ‘फेस्टिव्हलवाले’ अशा नावाने साठवलेला असतो, रेडिओ निवेदिकेचा पत्ता जुन्या ईमेलच्या ढिगात असतो, प्लेलिस्टसाठी गाणी निवडणाऱ्या क्युरेटरशी झालेले बोलणे इन्स्टाग्रामच्या संदेशांत अडकलेले असते आणि स्टुडिओत भेटलेल्या वादकाचे नाव केवळ डोक्यात असते. ही सगळी नावे एका जागी आणणे हे पहिले काम खरे, परंतु त्याने निम्मेच साधते. प्रत्येक नावापुढे पुढच्या कृतीची तारीख नसेल, तर ती यादी म्हणजे केवळ फोनबुक होय.

हे मी अनुभवाने शिकलो. एका आयोजकाने माझे काम ऐकून ‘या वर्षीचे ठरले आहे, पुढच्या हंगामाच्या आधी आठवण करा’ असे स्पष्ट लिहिले होते. मी आनंदाने ते पत्र तारांकित केले आणि ते पुन्हा नजरेस पडले तेव्हा दोन हंगाम उलटून गेले होते. नाव, पत्ता आणि होकार तिन्ही हाताशी होते. तारीख तेवढी कुठे लिहिलेली नव्हती.

साधन कोणते वापरावे यावर फार विचार करू नये. ग्राहकसंबंध सांभाळण्याची मोठी सॉफ्टवेअर विक्रेत्यांच्या चमूसाठी बनलेली असतात. एकट्या माणसाला साधी स्प्रेडशीट पुरते. ईमेल खात्यातील, आणि त्याच्याशी जोडलेले फोनमधील, संपर्क सीएसव्ही फाइलच्या रूपाने बाहेर काढता येतात आणि ती फाइल सरळ स्प्रेडशीटमध्ये उघडते. मात्र आलेली सगळी नावे तशीच ठेवण्याचा मोह टाळावा. गेल्या दोन वर्षांत ज्यांच्याशी कामाचे काही बोलणे झाले आहे, एवढ्यांपासूनच सुरुवात करावी, मग ती चाळीस नावे भरली तरी हरकत नाही.

प्रत्येक ओळ एका व्यक्तीची असावी, संस्थेची नव्हे, कारण या क्षेत्रात माणसे वरचेवर जागा बदलतात आणि ओळख माणसाबरोबर जाते. रकाने थोडेच हवेत: नाव, भूमिका, संस्था, पत्ता, ते कोणत्या टाइमझोनमध्ये आहेत, ओळख कशी झाली, शेवटचा संपर्क केव्हा झाला, काय पाठवले, पुढे काय करायचे आणि केव्हा. भूमिकेच्या रकान्यात ठरावीक शब्दांतून निवडण्याचा ड्रॉपडाउन ठेवावा, नाहीतर एकाच प्रकारच्या माणसासाठी तीन वेगवेगळे शब्द लिहिले जातात आणि गाळणी (फिल्टर) लावली की अर्धी नावे दिसतच नाहीत. तारखा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिल्यास वाचताना गोंधळ होत नाही. तीन आणि सात हे आकडे पाहून सात मार्च की तीन जुलै, असा प्रश्न मग पडत नाही.

पुढची तारीख सूत्राने काढायची असल्यास एक खाचखळगा ध्यानात ठेवावा. आजची तारीख देणाऱ्या ‘टुडे’ या सूत्रात दहा मिळवले, तर ते सूत्र रोज नव्याने मोजले जाते आणि ती तारीख रोज एक दिवस पुढे सरकते. म्हणजे पाठपुराव्याचा दिवस कधी उगवतच नाही. त्याऐवजी शेवटच्या संपर्काच्या तारखेत दिवस मिळवावेत. तारीख आज किंवा आजच्या आधीची असेल तर ओळ रंगीत व्हावी, असा नियम मात्र ‘टुडे’वरच बेतावा. रिकामा चौकोन तुलनेत शून्य धरला जातो, त्यामुळे ज्या ओळीत तारीखच नाही तीही रंगते. काहींना हा दोष वाटतो, पण आपल्याला नेमके हेच हवे आहे.

ओळख कशी झाली, हा रकाना बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते सर्वांत मौल्यवान तोच आहे. ‘कार्यक्रमानंतर ध्वनियंत्रणेपाशी भेट, तिसऱ्या गाण्याच्या तालाबद्दल विचारले’ एवढी नोंद असली की सहा महिन्यांनी लिहिलेल्या पत्राची पहिली ओळ आपोआप सुचते. अशी नोंद भेटीनंतर एका दिवसाच्या आत करावी, कारण त्यानंतर चेहरा आठवतो आणि बोलणे विसरते. शेरे लिहिताना ती व्यक्ती उद्या ते वाचेल असे धरून लिहावे. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या नियमांनुसार व्यक्तीला आपल्याविषयी साठवलेली माहिती मागण्याचा आणि ती पुसायला सांगण्याचा हक्क आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी कोणाविषयी काय लिहून ठेवावे याचे तारतम्य हवेच.

पाठपुरावा किती दिवसांनी करावा, याचे एकच उत्तर देता येत नाही, कारण प्रत्येक भूमिकेचे घड्याळ वेगळे चालते. छोट्या सभागृहाच्या आयोजकाला आठ-दहा दिवसांनी पुन्हा लिहिणे योग्य ठरते. मोठे महोत्सव आपले कलाकार कित्येक महिने आधी ठरवतात, त्यामुळे तिथे आठवड्यांपेक्षा हंगामाचा हिशेब महत्त्वाचा. नवे गाणे येणार असेल तर प्रकाशनाच्या दिवसापासून उलटे मोजावे. जुलै २०१५ पासून बहुतेक देशांत नवे संगीत शुक्रवारी प्रकाशित होते, म्हणून तो दिवस आणि त्याची पूर्वसंध्या समीक्षकांच्या पत्रपेटीत सर्वाधिक गर्दीची असते. मी स्वतः सोमवार-मंगळवार पसंत करतो. स्पॉटिफायच्या संपादकांकडे केवळ अप्रकाशित गाणे सुचवता येते, आणि प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी सुचवल्यास ते अनुयायांच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीत येते. पण एवढीच मुदत पुरेशी समजू नये. तीन-चार आठवडे हाताशी ठेवावेत, म्हणजे गाणे अशा सेवांवर पोहोचवणाऱ्या वितरकाकडून एखादी चूक झाली तरी ती दुरुस्त करता येते.

पहिल्या पत्रानंतर दोनदा आठवण करावी, त्याहून अधिक नाही. दोन्ही वेळा त्याच ईमेलला उत्तर म्हणून लिहावे, म्हणजे मागचा संदर्भ समोरच्याला शोधावा लागत नाही, आणि प्रत्येक वेळी सांगण्यासारखे काहीतरी नवे असावे: जवळची एखादी तारीख पक्की झाली, गाण्याचे दृश्यरूप तयार झाले, किंवा ज्यांचे मत त्यांना महत्त्वाचे वाटते अशा कोणी ते वाजवले. ‘माझे पत्र पाहिलेत का’ हा मजकूर पुरेसा नसतो. उत्तर आले नाही तर ओळ पुसू नये. पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची टाकावी आणि कृती म्हणून ‘नवे काम असेल तरच लिहिणे’ असे नोंदवावे. स्पष्ट नकार आला तर दोन ओळींत आभार मानून तीही तारीख पुढे ढकलावी. थांबवा असे कोणी सांगितले, तर मात्र कायमचे थांबावे.

काय पाठवले, या रकान्यात गाण्याचे नाव, कोणती आवृत्ती आणि कोणता दुवा हे तिन्ही लिहावे. सीडीच्या दर्जाची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटची स्टीरिओ वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे १० एमबी जागा घेते, म्हणून चार मिनिटांचे गाणे ४० एमबीच्या आसपास जाते, आणि जीमेलची जोडपत्राची मर्यादा २५ एमबी आहे. दुवा पाठवणे म्हणूनच भाग आहे. परंतु फाइल पाठवण्याच्या अनेक विनामूल्य सेवांचे दुवे काही दिवसांत मरतात. आठवणीचे पत्र धाडण्याआधी जुना दुवा ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून पाहावा, कारण आपण खात्यात शिरलेले असलो की बंद दुवाही चालू असल्यासारखा भासतो. चित्रपट किंवा जाहिरातीसाठी संगीत निवडणाऱ्यांना लिहिताना केवळ वाद्यांची आवृत्ती आहे का, ध्वनिमुद्रणाचे आणि रचनेचे हक्क कोणाकडे आहेत आणि त्या ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा, अक्षरे आणि अंक मिळून १२ चिन्हांचा आयएसआरसी क्रमांक कोणता, हे पहिल्याच पत्रात द्यावे. त्यांचे वेळापत्रक प्रश्नोत्तरांना सवड देत नाही.

चाहत्यांची यादी या वहीत मिसळू नये. तिचे साधन वेगळे, परवानगीचे नियम वेगळे आणि भाषाही वेगळी.

आठवड्यातला एक ठरावीक तास या कामाला द्यावा. पुढच्या तारखेनुसार ओळी लावाव्यात, रंगलेल्यांपैकी दहा घ्याव्यात, पत्र पाठवले की त्याच क्षणी शेवटच्या संपर्काची तारीख बदलावी आणि मगच पुढच्या ओळीकडे वळावे. ‘शेवटी सगळ्या नोंदी एकदम करू’ असे ठरवणाऱ्याच्या नोंदी राहतातच. वेळ लावून पत्र पाठवण्याची सोय वापरताना ती वेळ आपल्या घड्याळाची असते हे विसरू नये. थकीत मानधनाचा पाठपुरावा याच तासात, पण वेगळ्या खुणेने करावा आणि त्या पत्रात नव्या गाण्याचा विषय काढू नये.

एखादे पत्र पत्ता अस्तित्वात नसल्याच्या शेऱ्यासह परत आले, तर त्या ओळीत ‘जागा बदलली’ असे लिहून ती व्यक्ती आता कुठे आहे हे शोधावे, आणि तिच्या जुन्या जागी आलेल्या नव्या माणसासाठी दुसरी ओळ उघडावी, अर्थात तारखेसह.