ब्लॉगवर चार पैसे मिळवायला गेलात आणि वाचक गळाले? या चुका टाळा

इंदूरच्या मराठी ब्लॉगचा वाचक कोण असतो, हे आधी नीट बघा. निम्मे लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर भागातले. निम्मे नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला किंवा त्याही पलीकडे गेलेले, आणि अजून सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजाराच्या आठवणी काढणारे. गूगलवर शोधून येणारे थोडे. बाकीचे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावशीने टाकलेल्या लिंकवरून येतात, रात्री जेवणं आटोपल्यावर, फोनवर. त्यातले बरेचजण तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला तरी ओळखतात.

तुम्ही पैसे मिळवता म्हणून हा वाचक रागावत नाही. उलट ‘बरं झालं, कष्टाचं काही तरी मिळतंय’ असंच म्हणतो. त्याचं बिनसतं ते वाचताना अडथळा आला की, किंवा लेख पैसे घेऊन लिहिला होता हे नंतर तिसऱ्याकडून कळलं की. दुसरं जास्त वाईट, कारण त्याबद्दल तो तुम्हाला काही बोलत नाही, नुसता येणं थांबवतो.

जाहिरातींची घाई

ब्लॉगवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणारी गूगलची सेवा म्हणजे ॲडसेन्स. तिला मराठी मजकूर चालतो, त्यामुळे पहिल्याच महिन्यात अर्ज करायचा मोह होतो. आधी कागदावर हिशेब मांडा. दर हजार पानांमागे अर्धा डॉलर मिळाला असं धरू. महिन्याला ५,००० पानं उघडली गेली, तर झाले अडीच डॉलर. १०० डॉलर जमल्याशिवाय गूगल पैसे पाठवत नाही. म्हणजे पहिली रक्कम हातात यायला ४० महिने. तेवढा काळ वाचकाने जाहिराती सोसायच्या आणि तुमच्या खात्यात शून्य. एवढ्या लहान ब्लॉगवर जाहिराती न लावणंच बरं. आधी लिहा, वाचक वाढू द्या.

आकडा मोठा असेल तर लावा. पण ‘ऑटो ॲड्स’ चालू करून सगळं गूगलवर सोपवू नका. ते कसं अंगाशी येतं, बघा. समजा तुम्ही गराडूची, म्हणजे आपल्याकडच्या त्या कंदाची, कृती लिहिली आहे. पुण्यातल्या एका इंदुरी मुलीने माहेरून आणलेला गराडू सोलायला घेतलाय. सोलताना हात खाजतात म्हणून हाताला तेल चोपडलंय, आणि फोन ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलाय. किती उकडायचा, हे बघायला ती करंगळीने पान वर सरकवते, तेवढ्यात अख्ख्या पडद्यावर जाहिरात. कोपऱ्यातली फुली मोहरीएवढी. तेलकट बोट फुलीऐवजी जाहिरातीवर पडतं आणि गृहकर्जाचं पान उघडतं. ती कशीबशी परत येते, तर मध्येच दुसरी जाहिरात भरल्यामुळे मजकूर खाली सरकलेला, आणि जीरावण मसाला कधी भुरभुरायचा ती ओळ गायब. ती सरळ आईला फोन लावते.

दुरुस्ती अवघड नाही. ऑटो ॲड्सच्या सेटिंगमध्ये पूर्ण पडदाभर येणारा प्रकार आणि तळाला चिकटून राहणारा प्रकार, दोन्ही वेगवेगळे बंद करता येतात. जाहिरातींचं प्रमाण कमी-जास्त करायची पट्टीही तिथेच असते. ती बरीच खाली आणा. कृतीच्या लेखात साहित्य आणि कृती यांच्यामध्ये काही घालू नका. एक जाहिरात प्रस्तावनेनंतर, एक अगदी शेवटी, बास. जाहिरातीच्या चौकटीला आधीच ठरावीक उंची देऊन ठेवली, की ती उशिरा भरली तरी मजकूर उडी मारत नाही. मोबाइलवर जाहिरातींनी मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा व्यापणं, आपोआप आवाजासह सुरू होणारा व्हिडिओ, पॉप-अप, हे प्रकार ‘बेटर ॲड्स’ या त्रासदायक जाहिरातींविषयीच्या निकषांत बसत नाहीत. गूगलच्या क्रोम ब्राउझरने हे निकष जुलै २०१९ मध्ये जगभर लागू केले. नियम वारंवार मोडणाऱ्या साइटवरच्या सगळ्याच जाहिराती तो अडवू शकतो.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक करतात. ॲडसेन्समध्ये ‘ब्लॉकिंग कंट्रोल्स’ नावाची जागा आहे. तिथे ज्योतिष-वशीकरण, झटपट श्रीमंती, वजन घटवणं असे संवेदनशील प्रकार बंद करता येतात. आजीवर लिहिलेल्या श्रद्धांजलीच्या लेखाखाली ‘प्रेमविवाहातील अडथळे २४ तासांत दूर’ असं झळकलं, तर घरची माणसं तुम्हालाच बोल लावतील, गूगलला नाही. अशा लेखांवर जाहिराती मुळीच नकोत. ठरावीक पानं वगळायची सोय ऑटो ॲड्समध्ये आहे.

‘सगळ्यांनी एकेक क्लिक करा हं’

घरच्या ग्रुपवर हा निरोप टाकू नका. आपल्या जाहिरातींवर स्वतः क्लिक करणं किंवा दुसऱ्यांना करायला सांगणं नियमात बसत नाही. मामेभावाने प्रेमापोटी सलग क्लिक केले तरी खातं बंद होऊ शकतं, आणि जमलेले पैसेही जातात. शिवाय २०२४ पासून ॲडसेन्स मुख्यतः जाहिरात दिसण्याचे पैसे देतं, क्लिकचे नाही. म्हणजे धोका पत्करूनही पदरात काही पडत नाही.

दुकानदाराचे पैसे आणि ‘सहज चक्कर मारली’वाला लेख

खरं नुकसान इथे होतं. एखादा साडीवाला किंवा नमकीनवाला म्हणतो, ‘चार ओळी छान लिहा, पैसे देतो, पण जाहिरात आहे असं लिहू नका.’ मग लेख सुरू होतो: ‘परवा सहज बाजारात चक्कर मारली आणि...’ इंदूर एवढं मोठं झालं तरी मराठी मंडळींचं वर्तुळ लहानच आहे. तोच दुकानदार गल्ल्यावर बसून अभिमानाने सांगतो, ‘अहो, त्यांना दिले ना पैसे.’ सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात ही बातमी पसरायला चहाचा एक कप पुरतो. त्यानंतर तुम्ही मनापासून एखाद्या पोहेवाल्याची तारीफ केलीत, तरी लोक म्हणणार, ‘याने किती दिले?’

यात नियम आणि कायदाही येतो. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे आस्कीची, इन्फ्लुएन्सर मंडळींसाठीची नियमावली जून २०२१ मध्ये लागू झाली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत वाचकाला उघड सांगावा लागणारा संबंध म्हणजे नुसते पैसे नाहीत. फुकट वस्तू, सवलत, हॉटेलातला मुक्काम, एवढंच काय, नातेसंबंधसुद्धा त्यात मोडतो. तेव्हा मेव्हण्याच्या दुकानाबद्दल लिहिताना तो मेव्हणा आहे हे लिहावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. लहान ब्लॉगरच्या दारात उद्याच कुणी येईल असं नाही, पण ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालणार नाही.

उल्लेख कसा करायचा? शीर्षकाच्या लगेच खाली, पहिल्या वाक्याच्या आधी, साध्या मराठीत. ‘हा लेख अमुक दुकानाने पैसे देऊन लिहून घेतला आहे.’ किंवा ‘ही साडी दुकानाने भेट दिली आहे, मत माझं आहे.’ लेख संपल्यावर, दहा हॅशटॅगच्या गर्दीत इंग्रजी अक्षरांत लपवलेला उल्लेख धरला जात नाही, आणि वाचकालाही ती लबाडीच वाटते. वर स्पष्ट लिहिलं म्हणून वाचक निघून जातात, ही भीती अनाठायी आहे. ज्याला वाचायचं आहे तो वाचतोच.

दुकानदाराशी आधीच लेखी ठरवा, व्हॉट्सॲपवर ठरलं तरी पुरे: लेखातली माहिती तपासायला दाखवीन, मत बदलणार नाही, उणं दिसलं तर लिहीन. हे ऐकून जो मागे सरतो त्याला जाऊ द्या. माहिती तपासायचं काम मात्र तुमचंच. महेश्वरी म्हणून दाखवलेली साडी हातमागाची आहे असं दुकानदार सांगतो, तेव्हा हँडलूम मार्कचं लेबल मागा. नसेल तर ‘दुकानदाराच्या म्हणण्यानुसार’ असं लिहा. छापून गेलेली चूक वाचक तुमच्या नावावर मांडतो.

भेटवस्तूंचा हिशेबही ठेवा. एकाच व्यवसायाकडून वर्षाला २०,००० रुपयांवर वस्तू किंवा लाभ मिळाले, तर १ जुलै २०२२ पासूनच्या नियमानुसार त्यावर १० टक्के कर कापणं देणाऱ्याला बंधनकारक झालं. वस्तू वापरून परत केली तर तो लाभ धरत नाहीत. ‘पैसे कुठे घेतले, मोबाइलच तर दिला’ असं म्हणून भागत नाही.

‘आम्हाला तुमचा ब्लॉग फार आवडला’

थोडं नाव झालं की अशी ईमेल यायला लागतात. ब्लॉगचं नावसुद्धा धड लिहिलेलं नसतं. मागणी एकच: आमचा लेख छापा, त्यात एक लिंक ठेवा, अमुक डॉलर घ्या. लिंक बहुधा कॅसिनोची, रमीची, नाहीतर झटपट कर्जाच्या ॲपची. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. उत्तरही देऊ नका.

त्याहून चलाख मंडळी जुन्या लेखात गुपचूप एक लिंक घालायला सांगतात. अहिल्योत्सवाच्या पालखीवर कधी काळी लिहिलेला लेख अजून लोक वाचतात, त्यात मध्येच ‘इथे क्लिक करा’. ज्या लेखावर तुमचा ब्लॉग उभा आहे, तोच तुम्ही भाड्याने देताय. पैसे घेऊन एखादी चांगली लिंक दिलीच, तर तिच्या कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ हे मार्किंग लावा. गूगलला ते २०१९ पासून हवं आहे, आणि न लावल्यास शोधातलं तुमचं स्थान घसरू शकतं.

कमिशनच्या लिंका

ॲमेझॉनच्या लिंका द्यायला हरकत नाही, फक्त न वापरलेल्या दहा कुकरची यादी करू नका. स्वतःच्या घरातल्या एका कुकरबद्दल, त्याची शिट्टी कशी वाजते आणि रबर किती दिवसांनी बदलावं लागलं, एवढं लिहिलंत तरी लोक विचारून घेतात. कमिशन मिळतं हे लेखातच सांगा. ॲमेझॉनचीही ती अट आहे. किंमत हाताने लिहू नका, ती रोज बदलते.

सरळ मागायचं असेल तर

लहान ब्लॉगला मला हा मार्ग सगळ्यात सभ्य वाटतो. महिन्यातून एकदा, लेखाच्या शेवटी दोन ओळी आणि यूपीआयचा क्यूआर कोड. प्रत्येक लेखात झोळी पुढे केली की लोक कंटाळतात. मोबाइल नंबर असलेली यूपीआय आयडी टाकू नका, वेगळी तयार करा, नाहीतर रात्री अकराला अनोळखी फोन यायला लागतील. आणि आजवर मोकळे असलेले लेख एका सकाळी कुलपात घालू नका. पैसे देणाऱ्यांसाठी काही ठेवायचंच असेल तर ते नवीन असू द्या.

घरचं जीरावण किंवा दिवाळीचा फराळ विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी आधी करा, आणि विक्रीसाठी ब्लॉगवर वेगळं पान ठेवा. सणावर लिहिलेला प्रत्येक लेख ‘ऑर्डर सुरू’वर संपायला लागला, की लोक शेवटचा परिच्छेद आधीच ओळखतात.

वाचक खरंच गळाले का, हे कसं बघायचं

घाबरून सगळं एकदम बदलू नका. गूगलवरून येणारे कमी झाले की ग्रुपवरच्या लिंकवरून येणारे, हे आधी वेगळं करा. पहिले कमी झाले असतील तर गूगल शोधातली तुमची स्थिती दाखवणारं सर्च कन्सोल उघडा. पान जड झालंय का, हे गूगलच्या पेजस्पीड इन्साइट्स या साधनात तपासा. मजकूर सरकण्याचा आकडा, सीएलएस, ०.१ च्या आत हवा. दुसरे कमी झाले असतील तर कारण तुमच्या अलीकडच्या लेखांत शोधा, आणि दोन-तीन जुन्या वाचकांना सरळ फोन करा. काका-मावशी ईमेलवर खरं सांगणार नाहीत, फोनवर सांगतील.

मग एकच गोष्ट बदला, उदाहरणार्थ पूर्ण पडद्याची जाहिरात बंद, आणि दोन आठवडे थांबा. आपला ब्लॉग स्वस्तातल्या फोनवर, वायफाय बंद करून, अनोळखी माणसासारखा उघडून बघा. तुलना करताना रंगपंचमीचा आठवडा सोडून द्या. गेरचे, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीचे, फोटो शोधत आलेली गर्दी तेव्हा आकडे फुगवते आणि पुढच्या आठवड्यात निघून जाते.