चिकनची तंगडी वरून करपते, हाडाजवळ कच्ची राहते: माझा अनुभव

सामना पाहायला कोथरूडच्या घरी दहा-बारा जण जमले की माझी तंगडी वरून करपायची आणि हाडालगत कच्ची निघायची. आच वाढवून पाहिली, रात्रभर मुरवली. पाहुण्याच्या ताटातली तंगडी परत मागण्याची नामुष्की तेवढी टळली नाही.

अखेर जमले ते असे: प्रत्येक तंगडीला हाडापर्यंत तीन चिरा देऊन मीठ-लिंबू चोळून २० मिनिटे ठेवली, मग चक्क्यात कालवलेला मसाला चिरांत बोटाने भरून ४ तास फ्रिजमध्ये मुरवली. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर जाळीवर ठेवून मध्ये एकदा उलटली आणि हाडाला न टेकवता खुपसलेल्या तापमापकाने आत ७४ अंश दाखवल्यावरच लोणी लावून वरच्या आचेवर तीन मिनिटे खरपूस केली. घड्याळापेक्षा तापमापकच पाहावा.