ईमेलसोबत आलेली फाइल उघडण्यापूर्वी

लातूर-परभणीकडच्या घरात पीकविम्याची यादी किंवा थकीत वीजबिल अशा नावाची फाइल ईमेलने आली, की ती लगेच उघडावीशी वाटते आणि व्हायरस पाठवणारे नेमके याच घाईवर विसंबून असतात. मे २००० मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा व्हायरस बाधित संगणकातील पत्त्यांवर स्वतःच्या प्रती धाडत असल्यामुळे ओळखीच्याच माणसाकडून येत असे. म्हणून न मागितलेली फाइल आल्यास पाठवणाऱ्याला आधी फोन करून विचारावे.

‘आय लव्ह यू’च्या फाइलच्या नावाचा खरा शेवट ‘व्हीबीएस’, म्हणजे प्रोग्रामची खूण, होता, परंतु विंडोज तो लपवत असल्याने ती साधा मजकूर भासे. विंडोजची ही सवय अजून सुटलेली नाही. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू केल्यास ‘विमायादी.पीडीएफ’ या नावापुढे दडलेले ‘.ईएक्सई’ दिसते आणि ती यादी नसून प्रोग्राम आहे, हे कळते. वर्ड किंवा एक्सेलची फाइल ‘एनेबल कंटेंट’ दाबण्यास सांगत असेल, तर ते दाबू नये, कारण त्याने फाइलमध्ये दडलेला प्रोग्राम चालू होऊ शकतो.

विंडोजसोबत मोफत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस घरासाठी पुरेसा आहे, मात्र अपडेट थांबवू नयेत. फोटो व सातबाऱ्याच्या प्रती वेगळ्या हार्डडिस्कवर घेऊन ती काढून ठेवावी, कारण फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. संशयास्पद फाइल उघडलीच गेली, तर प्रथम इंटरनेट तोडावे, पूर्ण स्कॅन करावे आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत.